नसलेल्या बोटांचं दुखणं आणि टेबलावरचा आरसा

"बाई, तुमच्याकडं एखादा मोठा आरसा हाय का? चार-आठ दिवसांसाठी पाहिजे होता."

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी दोनचा सुमार. शाळेतून येऊन मी नुकतीच पानावर बसणार, तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी दारात उभ्या. आम्ही निगडीला राहतो. आमच्या इमारतीतल्या निम्म्याहून अधिक घरांतली माणसं भोसरीला नाहीतर चाकणला कारखान्यांत जातात. वहिनींचं माहेर आणि सासर दोन्ही माण तालुक्यातलं. त्यांची मुलगी माझ्याकडे शिकवणीला येते, म्हणून त्या मला बाई म्हणतात.

आता साखर, चहापत्ती उसनी मागतात, पण आरसा कुणी उसना मागत नाही. मी विचारलं, "काय हो, घरी कार्य-बिर्य आहे का?" तशा त्या दाराला टेकल्या नि हलक्या आवाजात म्हणाल्या, "ह्यांच्या हातासाठी. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी सांगितलंय, रोज आरशात हात बघायचा म्हणून. आरशात बघून हात बरा होतो का हो, बाई? का नुसती आमची समजूत काढत्यात?"

मला उत्तर देता आलं नाही. पण आरसा दिला, आणि त्या दिवसापासून ह्या विषयाचं जे काही हाती लागेल ते वाचत गेले. एकदा वहिनींबरोबर त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनाही भेटून आले. त्या हसून म्हणाल्या, "हल्ली डोळ्यांवर चढवायचा तो व्हीआरचा चष्मा असतो ना, त्याचा हा आरसा म्हणजे आजोबाच समजा." मैत्रिणींनो, त्या आजोबांची आणि नातवाची ओळख आज तुम्हांला करून द्यायची आहे. कारण दोघंही आता औषधोपचारात शिरले आहेत, आणि आज ना उद्या आपल्या घरातही त्यांचा विषय निघणार आहे.

जे नाही ते दुखतं कसं?

वहिनींचे यजमान चाकणजवळच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर कंत्राटी कामाला होते. प्रेसखाली पत्रा ठेवायचा, प्रेस खाली येतो, पत्र्याला आकार येतो, तयार जॉब उचलायचा, पुन्हा पत्रा ठेवायचा. शिफ्टभर हेच काम. चांगल्या मशीनला दोन बटणं असतात आणि ती दोन्ही हातांनी एकदमच दाबावी लागतात, म्हणजे प्रेस खाली येताना हात आत राहूच नये. ह्या मशीनला मात्र पायाचं पेडल होतं. सेकंड शिफ्ट संपत आली होती, डोळे जड झाले होते, आणि डावा हात आत राहिला. चार बोटं गेली. अंगठा तेवढा वाचला.

जखम भरली, टाके निघाले. शेजारीपाजारी म्हणू लागले, चला, जीव वाचला, उजवा हात शाबूत आहे. पण खरा त्रास पुढेच होता. रात्री अकरा-साडेअकरा झाले की ते उठून बसत. म्हणत, "मूठ आवळली गेलीय. नखं तळव्यात रुततायत. सोडव गं कुणीतरी." हात तर समोर, पांढऱ्या पट्टीत, बोटांवाचूनचा!

सासूबाई गावाहून आल्या, त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. दीर म्हणाले, भरपाई जास्त मिळावी म्हणून चाललंय हे. आणि एका रात्री, तिसऱ्यांदा झोपमोड झाल्यावर, वहिनींच्याच तोंडून निघून गेलं, "जे न्हाईच ते दुखतंय कसं?" दोन दिवस ते त्यांच्याशी बोलले नाहीत. हे सांगताना वहिनींचे डोळे भरून आले.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते, की हे दुखणं खरं असतं. ते सोंग नसतं, बाहेरचं नसतं आणि वेडही नसतं. अवयव गमावलेल्या बहुतेक माणसांना तो जागेवर असल्याची जाणीव होत राहते आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांना तिथे दुखतं. डॉक्टर ह्याला फँटम पेन म्हणतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या डॉ. सायलस वीअर मिचेल यांनी १८७१ मध्ये ह्या 'भुताच्या अवयवा'ला हे नाव दिलं. म्हणजे दीडशे वर्षं हे दुखणं डॉक्टरांच्या माहितीचं आहे. आपल्या घरांपर्यंत मात्र ती माहिती पोचलेली नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्यातली जादू

ह्या दुखण्यावर आरशाचा उपाय काढला तो आपल्याच देशात शिकलेल्या एका डॉक्टरांनी. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन मूळचे तमिळनाडूचे. चेन्नईच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले आणि पुढे अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या शाखेत मेंदूचं संशोधन करू लागले. हात तुटलेले रुग्ण त्यांना सांगत, नसलेला हात आखडून बसलाय, काही केल्या हलत नाही.

रामचंद्रन यांनी विचार केला, की मेंदू हाताला हुकूम सोडतोय, "मूठ उघड." पण उघडली म्हणून उलट निरोप द्यायला हातच नाही. मग मेंदूची समजूत पटणार कशी? त्याला निदान डोळ्यांनी दिसायला हवं. त्यांनी वरचं झाकण काढलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं घेतलं आणि मधोमध एक आरसा उभा केला. रुग्णाने चांगला हात आरशापुढे धरायचा, तुटका हात आरशामागे. आरशात पाहिलं की चांगल्या हाताचं प्रतिबिंब बरोबर तुटक्या हाताच्या जागी दिसतं. दोन्ही हात धडधाकट! चांगली मूठ उघडली की 'दुसरी'ही उघडताना दिसते. काही रुग्णांची वर्षानुवर्षांची आखडलेली मूठ अशी सुटली.

१९९६ मध्ये रामचंद्रन यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा ह्या खोक्याला त्यांनी नाव दिलं होतं 'व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी बॉक्स'. म्हणजे आभासी दुनियेचं खोकं. विजेची तार नाही, कॉम्प्युटर नाही, पण नाव तेच!

पुढे २००७ मध्ये अमेरिकेतल्या लष्करी इस्पितळात पाय गमावलेल्या रुग्णांवर ह्याची पारख झाली. रोज १५ मिनिटं, चार आठवडे. खरा आरसा वापरणाऱ्या सहाच्या सहा जणांचं दुखणं कमी झालं. झाकलेला आरसा दिलेल्या सहांपैकी एकाचंच कमी झालं, आणि डोळे मिटून नुसती कल्पना करणाऱ्या सहांपैकी दोघांचं. माणसं थोडी होती हे खरं, आणि नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांनाच एवढा गुण आलेला नाही. हा उपाय नेमका कसा लागू पडतो ह्यावरही डॉक्टरांत एकमत नाही. पण खर्च जवळपास शून्य आणि धोका कमी, म्हणून फिजिओथेरपिस्ट तो आवर्जून करून पाहतात.

आरसा मांडायचा कसा?

आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा, पहिल्या एक-दोन वेळा त्यांच्यासमोरच करा. मग घरी असं करता येतं:

आरसा दीड फूट बाय एक फुटाचा पुरे. कपाटाच्या दाराचा जुना आरसाही चालतो, मात्र काचवाल्याकडून कडा घासून घ्या किंवा कडेला जाड चिकटपट्टी लावा. तो छातीसमोर, दोन हातांच्या मधे, टेबलावर उभा राहायला हवा. वहिनींनी दोन्ही बाजूंनी शाळेच्या पुस्तकांचे गठ्ठे लावले होते.

चांगल्या हातातलं घड्याळ, अंगठी, गंडा-दोरा काढून ठेवा. दुसऱ्या हातावर ते नसतं, आणि आरशात दिसलं की मेंदूला लबाडी कळते.

दुखरा हात आरशामागे पूर्ण झाकला जावा. आधी दोन मिनिटं नुसतं शांतपणे प्रतिबिंबाकडे बघा. मग सावकाश मूठ उघडा, मिटा, अंगठ्याने एकेक बोट टेकवा, तळहात वर, तळहात खाली. दुखऱ्या बाजूनेही मनात तीच हालचाल करा.

दहा-पंधरा मिनिटं पुरे, पण रोज. टीव्ही बंद, पोरं बाहेर. दुखणं वाढलं, घेरी आली, घाम फुटला तर थांबा आणि दवाखान्यात सांगा. आणि हो, पहिल्या दिवशी माणूस एकटा नसावा. वहिनींचे यजमान पहिल्यांदा आरशात दहाही बोटं पाहून लहान मुलासारखे रडले होते.

बर्फाच्या देशात

आता नातवाकडे येऊ. माझा मुलगा मॉलमध्ये पैसे भरून एकदा तो चष्मा लावून आला. म्हणाला, "आई, मान वळवली की तिकडचं दिसतं! मी खरंच डोंगरावर उभा होतो." हीच त्या चष्म्याची खुबी. दोन डोळ्यांपुढे दोन चित्रं, आणि डोकं वळेल तसं चित्र बदलत जातं. त्यामुळे आपण चित्र बघतोय असं न वाटता चित्रातच आहोत असं वाटतं. कल्पना तशी जुनी. १९६८ मध्ये इव्हान सदरलँड यांनी अमेरिकेत असा पहिला डोक्यावरचा पडदा बनवला, तो इतका बोजड होता की छताला टांगावा लागे!

औषधोपचारातली त्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आहे भाजलेल्या रुग्णांची. भाजलेल्या जखमेची पट्टी बदलणं म्हणजे काय यातना असतात, ते ज्या घरात स्टोव्हचा किंवा गॅसचा अपघात झालाय त्या घराला विचारावं. अमेरिकेत सिएटल शहरात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ पासून त्यावर काम केलं. त्यांनी 'स्नो वर्ल्ड' नावाची एक दुनिया तयार केली. सगळीकडे निळा-पांढरा बर्फ, बर्फाची माणसं, पेंग्विन. रुग्णाने बर्फाचे गोळे फेकत त्यातून जायचं, आणि तेवढ्यात नर्स पट्टी बदलते. औषध नेहमीसारखं दिलेलंच असतं, त्याच्या जोडीला हे. रुग्ण सांगत, दुखणं कमी जाणवलं, आणि त्याचा विचारही कमी आला. पुढे मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा वेदनेशी संबंधित भागांतली हालचालही कमी झालेली दिसली.

आणि मैत्रिणींनो, ह्यात आपल्याला नवल वाटण्यासारखं फारसं नाही. पोराला इंजेक्शन देताना "तो बघ, तो बघ काऊ!" असं आपण म्हणतोच ना? लक्ष ही एकच थैली आहे. ती दुसऱ्या गोष्टीने भरली की दुखण्याला जागा कमी उरते. चष्म्याने ती थैली काठोकाठ भरते, इतकंच.

नसलेल्या हाताच्या दुखण्यावरही ह्या नव्या विद्येचा उपयोग झाला आहे. स्वीडनमध्ये मॅक्स ऑर्टिझ कॅटलान यांनी १४ रुग्ण घेतले, ज्यांना बाकी उपचारांनी गुण आला नव्हता. उरलेल्या हाताच्या स्नायूंवर तारा लावल्या. रुग्ण स्वतःला पडद्यावर बघतो, पडद्यावर त्याला पूर्ण हात असतो, आणि स्नायू हलवले की तो हात हलतो. अशा १२ बैठकांनंतर दुखणं बरंच उतरलं. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. आरशाला दुसरा हात धड लागतो. इथे तोही लागत नाही.

आणि आपली कंबर

"हे सगळं अपघाताचं झालं, आमच्या रोजच्या कंबरदुखीचं काय?" असं तुम्ही विचाराल. त्याचंही उत्तर आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीसाठी अशा एका चष्म्याला परवानगी दिली, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. आठ आठवडे, रोज एक धडा, दोन ते सोळा मिनिटांचा. १७९ जणांच्या चाचणीत खरा कार्यक्रम पाहणाऱ्या शंभरातल्या ६६ जणांचं दुखणं तीस टक्क्यांहून जास्त कमी झालं.

पण पुढचा आकडाही वाचा. दुसऱ्या गटाला त्याच चष्म्यातून साधी सपाट चित्रं दाखवली होती, त्यांच्यातल्याही शंभरात ४१ जणांना तेवढाच आराम पडला! दिवसातली दहा मिनिटं शांत बसणं, कुणीतरी आपल्या दुखण्याची दखल घेणं, ह्याचाही वाटा असतोच. आणि त्या धड्यांत शिकवतात काय? सावकाश श्वास घेणं, अंग सैल सोडणं, लक्ष एकाग्र करणं. आपल्यापासून तासाभरावरच्या लोणावळ्यात कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून श्वासाचा आणि योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. तेव्हा चष्मा नाही म्हणून हात चोळत बसू नका. कोपऱ्यात सतरंजी टाकून दहा मिनिटं मिळवा. ती मिळवणंच कठीण असतं, हे मीही जाणते.

चष्मा चढवण्याआधी

खेळाच्या दुकानातला चष्मा आणि उपचाराचा चष्मा दिसायला सारखे असले तरी एक नव्हेत. औषधाचं काम करतो तो आतला कार्यक्रम आणि तो ठरवून देणारा माणूस. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा, नेमक्या कुठल्या दुखण्यासाठी, किती दिवस, आणि गुण आला नाही तर पुढे काय? "सगळ्यावर चालतो" असं कुणी म्हणालं तर सरळ घरी या.

काहींना त्यात मळमळतं. डोळे सांगतात आपण चाललोय, कान सांगतात आपण बसलोय. एसटीच्या मागच्या सीटवर घाटात होतं तसंच. म्हणून खुर्चीत बसूनच लावावा, सुरुवात पाच मिनिटांनी करावी. फिट येणाऱ्यांनी, घेरीचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याखेरीज लावू नये. लहान मुलांसाठी कंपन्या स्वतःच वयाची अट घालतात, ती पाळावी. आणि इस्पितळातला चष्मा आधीच्या रुग्णानंतर पुसला आहे की नाही हे विचारायला लाजू नये.

आरशाने न होणारी गोष्ट

एक गोष्ट मात्र कुठल्याच आरशाने होत नाही. अपघात झाला त्या रात्री कंत्राटदार वहिनींना म्हणाला होता, "घरी लागलं असं लिहून द्या, लवकर मोकळे व्हाल." घाबरलेल्या बाईने त्या रात्री कशावरही सही केली असती. त्यांच्या सुदैवाने शेजारचे एक जुने कामगार बरोबर होते, त्यांनी सही करू दिली नाही.

म्हणून आपल्या ह्या कारखान्यांच्या गावातल्या प्रत्येक बहिणीला सांगते. यजमानांचा कामगार विम्याचा, म्हणजे ईएसआयचा नंबर आजच तुमच्या वहीत लिहून ठेवा. कंत्राटी माणसालाही विमा असू शकतो. अपघात कामावर झाला तर कामावरच झाला अशीच नोंद व्हायला हवी. पडून असतानाच्या दिवसांची भरपाई, कायमच्या अपंगत्वाचं निवृत्तिवेतन, कृत्रिम अवयव, सगळं त्या एका नोंदीवर अवलंबून असतं. चिंचवडला मोहननगरात कामगार विम्याचं रुग्णालय आहे, पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र तर दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९४४ साली निघालं, आणि तिथे सैनिकांखेरीज इतरांचीही सोय होते. चौकशी करायला संकोच कसला?

आणि हेही विचारा, "तुमच्या मशीनला दोन हातांची बटणं आहेत का?" जेवायला वाढताना विचारा. गेलेल्या बोटांसाठी आरसा आहे, चष्मा आहे. पण बोटं जाऊच नयेत ह्यासाठी तेवढीच दोन बटणं पुरली असती.

वहिनींच्या घरी आरसा आठवड्यासाठी गेला होता, तो अजून तिथेच आहे. तिसऱ्या आठवड्यात एके रात्री त्यांच्या यजमानांना वाटलं, मूठ सैल झाली. मग पुन्हा आवळली, पुन्हा सुटली. आता बहुतेक रात्री ते चारपर्यंत झोपतात. दुखणं गेलंय असं नाही. पावसाळी हवेत, फार दमले की परत येतं. पण आता वहिनी उठून आरसा मांडतात आणि "कसं दुखतं?" असं न विचारता "कुठलं बोट?" असं विचारतात.

मी त्यांना परवा म्हटलं, "वहिनी, तेव्हा तुम्ही विचारलं होतं ना, आरशात बघून हात बरा होतो का? आता तुम्हीच सांगा."

त्या म्हणाल्या, "आरशातली बोटं खोटी हायेत, हे त्यांनाबी ठावं हाय, बाई. पण झोप खरी लागती."

तुमच्या ओळखीत असं कुणाचं घर असेल, तर हा अंक वाचून झाल्यावर त्यांच्याकडे जरूर द्या. आणि कपाटामागे पडलेला एखादा जुना आरसा असेल, तर तोही.